पाया चार फूट, कशावरून?

धम्मप्रिया वही घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा इसार द्यायला दोन दिवस उरले होते. भूकंपाच्या वर्षी लातुरात आमच्या शाळेचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे, तिथे ती माझ्या हाताखाली पाचवीत होती. अठरा वर्षांनी ती लोकांच्या घरांची अंदाजपत्रके करत होती. हे मात्र तिच्या आईचे होते.

पार्वतीबाई नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. चाकूर, उमरीकडच्या पोरी क्लाससाठी येतात आणि एकेका खोलीत सहा-सहा राहतात, हे त्यांना बघवत नव्हते. क्लासच्या मागचा नरसिंगचा प्लॉट घेऊन मुलींसाठी आठ खोल्या बांधायच्या होत्या. सगळी पुंजी त्यातच जाणार होती.

मुलांनी आकडा लिहिला की शेजारी 'कशावरून' असा रकाना भरायला लावायची माझी खोड. रकाना रिकामा, तर अर्धेच गुण. धम्मप्रियाने तो अजून सोडला नव्हता. विटा, सळई, मजुरी, प्रत्येकासमोर भाव कुणाचा आणि कधीचा ते लिहिलेले. माझे बोट पायाच्या ओळीवर थांबले. पाया चार फूट खोल. समोर लिहिले होते, 'शेजारच्या बांधकामावरून.'

जमिनीचा भावही बाजारापेक्षा कमी दिसत होता; एवढी स्वस्त का, असे मी विचारले. नरसिंगला गावी परतायची घाई आहे, असे ती म्हणाली.

"घर तुझं आणि पाया शेजाऱ्याचा?"

तिने त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह काढले. मग म्हणाली, "गुरुजी, अजून अर्धेच गुण देता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कामावरच्या व्यंकटने प्लॉटवर खड्डे खणायला घेतले. चार फूट काळी माती आणि खाली मुरूम, हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे, म्हणून नरसिंग कुरकुरत होता. पुढच्या बाजूचे दोन खड्डे त्याच्या शब्दाला जागले. मागच्या कोपऱ्यात मात्र सात फुटांवरही मुरूम लागेना. चुना चिकटलेले घडीव दगड निघाले, मग जात्याची अर्धी पाळ.

पार्वतीबाईंनी ती हातात घेतली. नरसिंग खालीच बसला. इथे खदान होती, भूकंपात चिरलेली घरे पाडली तेव्हा ट्रॅक्टरने मलबा आणून तिच्यात ओतला, असे त्याने हळूच सांगितले.

"इतक्या वर्सांत दबलं असंल, असं वाटलं मला."

धम्मप्रियाचा चेहरा उतरला. एवढ्या खोल पाया न्यायला तीन लाख जास्त लागणार होते, आणि ते आईकडे नव्हते. पार्वतीबाईंनी एवढेच विचारले, की पक्की जमीन कुठपर्यंत आहे. ते बघायला आणखी दोन खड्डे घेतले. खदानीचा काठ सापडला. अलीकडे पाच खोल्या बसत होत्या.

"मागं घर न्हाई, तर घराचा भाव बी न्हाई. तेवढ्या जागेला अंगणाचा भाव सांग, नरसिंग," पार्वतीबाई म्हणाल्या.

दुपारभर घासाघीस झाली. शेवटी तो कबूल झाला. "बाई, सुई टोचायची सवय गेली न्हाई तुमची."

संध्याकाळी नवी वही आली. पाया चार फूट. समोर, 'पाच खड्डे खणून पाहिले.' खोल्या तीनने कमी झाल्या होत्या, तेव्हा आता एका खोलीत सहा मुली धरल्या असतील, असे मला वाटले. पान उलटले. एका खोलीत मुली तीन. कशावरून? 'आईने सांगितले.'

खणून पाहण्याजोगे तिथे काही नव्हते. मी पूर्ण गुण दिले.