उलटा टाइपरायटर

मित्रांनो, मी एक जुना अरबी टाइपरायटर आहे. मोडलेला नाही. माझी अक्षरं उजवीकडून डावीकडे उमटतात, एवढंच. पण या घरात माझं नाव पडलं 'उलटोबा'.

कारखान्यातून मी थेट एका दुभाष्याच्या टेबलावर आलो. परमुलखात कामाला निघालेल्यांचे अर्ज आणि करार तो माझ्यावर अरबीत उतरवायचा. गवंडी, नर्सबाई, ड्रायव्हर रांग लावायचे. तेव्हा मला नियमित तेल मिळायचं. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला, तर दुभाषी अंगावर धावून जायचा. मग संगणक आले. आम्ही दोघं घरी आलो. तो खुर्चीत, मी कपाटावर.

तो सुनेला सांगायचा, "अगं, तारीख म्हण, हक्क म्हण, वकील म्हण, सगळे तिकडून आले आणि आपलेच झाले."

"पुरे हो बाबा!" मुलगा ओरडायचा. "त्या भाषेचा आम्हाला काय फायदा? तुमचं काम खलास झालं."

फायदा आणि खलास, दोन्ही अरबी! तेव्हा मला हसू यायचं.

पुढे दुभाष्याला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. पाटी दिली, तर तिच्यावर नुसत्या रेघोट्या. रस्त्याची धूळ येते म्हणून मुलानं पलंगाजवळची खिडकी घट्ट लावली होती. म्हातारा खिडकीकडे हात करी.

"ऊन लागतंय का बाबा?" असं म्हणत मुलगा वर पडदाही ओढून घेई.

शेवटी म्हाताऱ्यानं कपाटाकडे खुणा केल्या. सुनेनं मला खाली काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याचं डावं बोट जराही चाचपडलं नाही. त्यानं एकच शब्द उमटवला. पुन्हा तोच. पानभर तोच.

"आपल्या भाषेत लिहा ना! हे कुणाच्या बापाला कळणार?" मुलगा वैतागला.

"कुणाला तरी दाखवू या," सून म्हणाली.

"दाखवू गं रविवारी. काय घर जळतंय का?"

रविवारपर्यंत म्हातारा राहिला नाही.

त्याच्या हाताखाली शिकलेल्या एक दुभाषीबाई भेटायला आल्या. माझ्यात अडकलेलं पान त्यांनी वाचलं.

"हवा."

"काय हवा?" मुलगा म्हणाला. "डॉक्टर हवा? मी हवा?"

"नाही रे. हवा. श्वासाची. आपण म्हणतो तीच. तिकडेही हाच शब्द आहे."

मुलानं पडदा बाजूला सारला. सुनेनं उठून खिडकी उघडली.

मित्रांनो, मला तेल घालू नका, पुसूही नका. पण कुणाची अक्षरं उलटी दिसली, तर तोंड फिरवू नका. ती आधी कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. आणि त्याच दिवशी घ्या. आजारी माणसाला रविवार दाखवू नका.

ते पान अजून माझ्यातच आहे, वाऱ्यानं फडफडतं. खिडकी आता दिवसभर सताड उघडी असते. कुणासाठी?