एका पेल्यातली रम

जगदेवचा राग नाकावर असतो, हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं. तो माझा नवरा आहे म्हणून सांगते, असा माणूस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

धाकटा दीर अमरदीप जहाजावर स्वयंपाकी. सासरे वारले तेव्हा तो भर समुद्रात होता, मातीला येऊ शकला नाही. तेव्हापासून जगदेवनं त्याच्याशी बोलणं टाकलं. यंदा पौषात तो घरी, आसेगावला आला, तो बार्बाडोसची रम घेऊन. आमच्या घरात भांडलेले भाऊ एकाच पेल्यातून प्यायले की वैर मिटतं. आधी थोरला पितो, मग धाकटा. तेवढ्यासाठीच बिचारा इतक्या लांबून आला होता.

बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलीय, आधी नुसता वास घे, मग घोट जिभेवर धर, असं तो जीव तोडून सांगत होता. वास मलाही आला, जुन्या गुळाचा आणि भाजलेल्या लाकडाचा. मला तो आवडला.

पण जगदेवनं तरुणपणी मोहाची दारू गाळलेली. जी काडीला पेटत नाही ती दारूच नाही, ही त्याची अक्कल. त्यानं ओट्यावर चार थेंब सांडून काडी लावली. थंडीत काडी फुस्स करून विझली. बाटलीतली पहिल्या धारेइतकी कडक नसते, असं अमरदीप सांगत होता, पण ऐकतो कोण?

"बापाच्या मातीले आला नाही," जगदेव म्हणाला, "अन् आता मले पाणी पाजून राह्यला?"

कुऱ्हाडीचा दांडा भिंतीला टेकलेला होता. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा थेट जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्याला मी मधे पडले, तो माझ्या मनगटावर बसला. अमरदीपनं हात उगारला नाही. तो खाली बसला, तोंडातून रक्त गळत होतं, त्यातून एक दात पडला.

मी दांडा हिसकून अंगणात फेकला आणि अमरदीपनं भरून ठेवलेला पेला जगदेवपुढं धरला.

"पी. मंग सांग पाणी हाय का."

तो प्यायला. घोट त्यानं बराच वेळ गिळला नाही. मग तोच पेला घेऊन भावापुढं गुडघ्यांवर बसला.

"घे ना बापा. आता तुही पाळी."

अमरदीपचं तोंड उघडेना. जगदेवनं पेला तिरका केला, तर रम रक्तात मिसळून हनुवटीवरून शर्टावर उतरली. पेला पुन्हा जवळ आला, तेव्हा अमरदीपनं तो हातानं बाजूला सारला आणि मला खुणेनं बॅग मागितली.

मी ती उचलली आणि त्याच्यासोबत दवाखान्यात निघाले. जगदेव पेला धरून तसाच बसला होता.