व्यवसायाचा रकाना

मित्रांनो, मी रुग्णालयातला एक जुना संगणक आहे. माझा रंग मुळात पांढरा होता, हे आता शपथेवर सांगितले तरी कोणी मानणार नाही. मी नवा होतो तेव्हा माझ्या खोलीत येणाऱ्यांना चपला बाहेर काढाव्या लागत. रुग्णालयाच्या खाटा आणि दारे दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी माझ्यासाठी खास टेबल केले होते. एवढे लाड घरच्या जावयाचे होत नाहीत, असे ते म्हणायचे.

रुग्णांची माहिती जपणे हे माझे काम. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, आजार असे माझे रकाने होते. पण कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे लिहायला मला घडवणाऱ्यांनी जागाच ठेवली नव्हती. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी त्यावर तोड काढली. व्यवसायाचा रकाना बहुतेक वेळा रिकामा असे, म्हणून त्या तिथे धोक्याचे औषध लिहू लागल्या. त्यांचे बघून बाकीच्या सिस्टरही तेच करू लागल्या. एकदा हाताच्या जखमेवर दिलेले इंजेक्शन सुतारकाकांच्या जिवावर बेतले होते. मोठ्या सिस्टरांनी त्यांना कसेबसे वाचवले आणि व्यवसाय म्हणून लिहिले, 'पेनिसिलिन नको'. तेव्हापासून काका सगळ्यांना सांगत सुटले, की सरकारदरबारी आपण आता सुतार राहिलो नाही.

डॉक्टर सुई भरण्याआधी सिस्टरांना विचारत आणि सिस्टर मला. त्याचा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे मी थकलो. एक नाव शोधायला इतका वेळ घेई, की रांगेतली माणसे माझा उद्धार करत. मला बदलायला हवेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवी यंत्रणा बसवायला आलेल्या इंजिनियरने केसपेपरच्या खिडकीवर विचारले, कोणता रकाना लागत नाही? तिथल्या बाईंनी सांगितले, व्यवसाय कोणी भरतच नाही. त्या खोटे बोलल्या नाहीत, त्यांच्या खिडकीवर तो रिकामाच राहायचा. वॉर्डात विचारायला मात्र कोणी गेले नाही, आणि तो रकाना नव्या यंत्रणेत आलाच नाही.

नव्या संगणकात न सोसणाऱ्या औषधांसाठी चांगला ठळक, लाल रकाना होता. सिस्टरांना वाटले, आपले जुने लिहिलेले सगळे त्यात आलेच असेल. माझी वेगळी प्रत कोणी ठेवली नाही. मला जिन्याखाली, गळक्या नळाशेजारी नेऊन ठेवले. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण रुग्णालयात तरी खोटी ठरेल असे मला वाटायचे.

एके दिवशी सुतारकाकांना तापाने फणफणलेल्या अवस्थेत आणले. ते शुद्धीत नव्हते, फळ्यांची मापे बडबडत होते. तरुण डॉक्टरांनी नव्या पडद्यावर पाहिले. लाल रकान्यात 'नोंद नाही' असे होते. त्यांनी सुई दिली. मोठ्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून धावत येईपर्यंत काका गेले होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर इंजिनियरला घेऊन जिन्याखाली आल्या.

"चालू कर ह्याला."

"सिस्टर, आत ओल गेलीये. चालला तर एकदाच चालेल, पुढचं सांगता येत नाही."

"मग एकदाच कर."

मी सगळा जीव एकवटून चालू झालो. सिस्टरांनी सुतारकाकांचे नाव काढले आणि तो रकाना वाचला. "मी लिहिलं होतं रे," त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या. मलाही फार वाईट वाटले.

मग डोळे पुसून त्यांनी कागद घेतला. "आता पहिल्या नावापासून दाखव. जितके जिवंत आहेत तितके तरी वाचवू."

माझी माहिती साठवणारी तबकडी प्रत काढू देत नव्हती, त्यामुळे पडद्यावर दिसेल ते हाताने उतरवायचे होते. इंजिनियर एकेक नाव पुढे सरकवी आणि सिस्टर लिहीत. माझ्या आत खरखर वाढत होती. 'म'ची नावे संपली आणि पडदा काळा झाला. इंजिनियरने खूप खटपट केली. शेवटी त्याने मान हलवली. सिस्टर लेखणी तशीच धरून बसल्या होत्या.

मित्रांनो, जुने यंत्र खुशाल काढा. पण आधी त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आणि नव्याला सगळे नीट येईपर्यंत जुन्याला कोरड्या जागी ठेवा. आणि तुम्ही कधी आमच्या वॉर्डात राहिला असाल, तुमचे नाव 'म'च्या पुढच्या कोणत्याही अक्षराने सुरू होत असेल, तर सुई टोचण्याआधी तुम्हीच तोंडाने सांगा. तुमचे मला माहीत आहे, पण मला आता बोलता येत नाही.