छपाईच्या प्रोग्रॅममधली फट

मित्रांनो, मी एक जुनी फट आहे. दाराखिडकीतली नव्हे हं, संगणकातल्या छपाईच्या प्रोग्रॅममधली! या प्रोग्रॅमला संगणकाचे सगळे अधिकार होते. काम सांगणारा कोण, हे तपासणारी एक ओळ लिहायला माझा कर्ता विसरला आणि मी जन्मले. साध्या खात्यावर बसलेल्या कुणालाही मी क्षणात संगणकाचा मालक करत असे. आहे की नाही माझी शान?

अधारतालच्या एका खासगी शाळेत मी सहा वर्षं मजेत राहिले. मला बुजवणारी दुरुस्ती प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच पाठवली होती. पण ती घेतली की जुना मराठी फॉन्ट बिघडे आणि शाळेच्या गणेशोत्सवाच्या पत्रिका तर त्याच फॉन्टात निघत. म्हणून संगणक सांभाळणाऱ्या विनताताई दर वेळी 'नंतर' हे बटण दाबत. मी मनातल्या मनात त्यांना दुवा देई.

मग दहावीतल्या एका मुलीने इंटरनेटवर माझी माहिती वाचली. विद्यार्थ्यांच्या खात्यावर बसून ती माझ्यातून आत शिरली आणि गणितातले आपले बावीस गुण तिने बहात्तर केले. ते बदलायचा अधिकार फक्त गणित शिकवणाऱ्या शैलजाबाईंना. बदल उघड झाला तेव्हा आळ त्यांच्यावरच आला. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या बाई मुख्याध्यापक भय्यासाहेबांपुढे रडल्या.

"तीस वर्षं शिकवून राहिले सर, असं काहून करीन मी?"

खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. साक्ष द्यायला मला तोंड कुठे होतं?

विनताताईंनी दोन दिवस संगणकातल्या नोंदी चाळल्या. छपाईच्या प्रोग्रॅमने विद्यार्थ्यांच्या खात्याला मालक केल्याची नोंद त्यांना सापडली. ती दाखवली तर आपलंच दुर्लक्ष उघडं पडणार, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी त्या नोंदीचा कागद छापून भय्यासाहेबांच्या टेबलावर ठेवला.

"सर, शैलजादीदींनी काहीच नाही केलं. दुरुस्ती मीच टाळून राहिले होते. चूक माझी आहे."

"अच्छा! अन् आता पत्रिकांचं कसं?"

तिथेच उभ्या असलेल्या शैलजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मी हातानं लिहीन ना जी."

मित्रांनो, विनताताई आता दुरुस्ती चढवत आहेत. मी काही क्षणांचीच सोबती, पण मला त्याचं दुःख नाही. माझ्या बहिणी तुमच्याही संगणकात असतील. दुरुस्ती आली की त्याच दिवशी घ्या. टाळणारा एक असतो आणि रडावं लागतं भलत्याच कुणाला.