एकोणीसची रेघ

बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला. अवनेरनं मान मागे घेतली.

“बघ, त्या गॅरेजवाल्या गणेशनं काय करून ठेवलं,” बबनराव म्हणाले. “जूनमध्येच कार्बोरेटर खोलून बसवला होता. सहा महिने नाही टिकला.”

अवनेरनं कार्बोरेटर सोडवला आणि आतला रबरी पडदा चिमटीनं बाहेर काढला. फुगून त्याच्या कडा लाटांसारख्या झाल्या होत्या आणि तिथूनच पेट्रोल झिरपत होतं. हे असंच दिसणार, हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. म्हणून तर इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचा संच तो खिशात घेऊनच आला होता.

बबनराव मूळचे नागपूरचे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात, प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यांची ही गाडी चौऱ्याऐंशी सालची, म्हणजे तिचं रबर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागण्याच्या आधीचं. त्यामुळे ते शहरातल्या एकाच गॅस स्टेशनवर जात. तिथल्या महागड्या पेट्रोलच्या पंपावर ‘इथेनॉल नाही’ असा स्टिकर होता. पण स्टिकरवर विश्वास ठेवतील तर ते बबनराव कसले! दर महिन्याला मोजपात्रात नव्वद मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घालून ते हलवत. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालच्या पाण्याची रेघ वर चढते. त्यांची रेघ कायम दहावर असे.

ही तपासणी बंद पाडली ती त्यांच्या जुन्या मित्रानं, अवनेरनं. तो पंपांची कामं करणाऱ्या कंत्राटी कंपनीत होता आणि त्या स्टेशनच्या टाक्या त्याच्याकडेच होत्या. दोन वर्षांपूर्वी हसत तो म्हणाला होता की बबनराव, मी असताना हे खेळ कशाला, बदल झाला तर पहिला फोन तुम्हाला. बबनरावांनी मोजपात्र फळीवर ठेवून दिलं. उभ्या आयुष्यात ऐकीव गोष्ट त्यांनी मान्य केली असेल, तर ही एकच.

ऑगस्टमध्ये त्या टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल आलं. त्या टाकीची नवी जोडणी अवनेरनंच केली. नवा स्टिकर दोन आठवड्यांत येईल, तोवर जुना राहू दे आणि गिऱ्हाइकांशी बोलणं आपलं काम नाही, असं सुपरवायझरनं बजावलं. छप्पन्नाव्या वर्षी लेऑफच्या यादीत जायचं नव्हतं म्हणून अवनेर गप्प बसला. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले. प्रत्येक आठवड्यागणिक तो फोन करणं आणखी अवघड होत गेलं.

“परवा मराठी असोसिएशनच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं मी,” बबनराव सांगत होते. “गणेशकडे गाड्या टाकू नका म्हटलं. त्याचं उत्तर काय, तर काका, मी तुम्हीच दिलेल्या जुन्या स्पेअरच्या डब्यातलं रबर बसवलं. दोघातिघांनी विंटर टायर्सच्या अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या त्याच्या. आता सगळ्यांना ईमेल टाकतो. तुझं नाव घालू ना खाली? एक्स्पर्ट ओपिनियन म्हणून.”

अवनेरनं हात पुसले. गणेशला तो दोनदाच भेटला होता. त्याचं छोटं गॅरेज असोसिएशनमधल्या चाळीस-पन्नास घरांच्या गाड्यांवरच चालायचं.

“बबनराव, तुमचं ते मोजपात्र आहे का अजून?”

“काहून?”

“आणा जरा.”

त्यांनी ते आणलं, पुसलं आणि सवयीनं उजेडाकडे धरून पाहिलं. अवनेरनं नळीतून पेट्रोल काढून दिलं. पाणी बबनरावांनी स्वतः मोजून घातलं, हलवलं आणि पात्र कट्ट्यावर ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवून, गुडघे वाकवून ते रेघेच्या पातळीला डोळे नेऊन थांबले.

“एकोणीस,” ते म्हणाले.

पुन्हा करू या, असं ते म्हणाले नाहीत. याचं अवनेरला नवल वाटलं.

“केव्हापासून?”

“ऑगस्ट.”

“तुले माहीत होतं?”

“मीच जोडलं. स्टिकर बदलू नका म्हणाले. मी सांगणार होतो तुम्हाला.”

बबनराव सावकाश सरळ झाले. रस्त्याकडेला अवनेरची व्हॅन उभी होती. तीही जुनीच, अठ्ठ्याऐंशीची. तिच्यासाठी तोही त्याच पंपावर जात असे.

“तुझ्या व्हॅनमध्ये कुठलं भरतोस सध्या?”

अवनेरला खोटं बोलता आलं असतं. “ब्रँटफर्डच्या रस्त्यावर बिनइथेनॉलचा एक पंप आहे,” तो म्हणाला. “तिथलं.”

“ऑगस्टपासून?”

“हो.”

बबनरावांनी मान हलवली, एखाद्या नमुन्याचा आकडा वहीत उतरल्यावर हलवावी तशी. मग घरात जाऊन जाड कोट आणि टोपी घालून बाहेर आले.

“गणेशकडे जातो.”

“चाळीस मिनिटांचं चालणं आहे, बबनराव. बर्फाचं पाणी झालंय सगळीकडे. मी सोडतो.”

“नको.”

त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस फूटपाथच्या कडेकडेनं, एकेक पाऊल जपून टाकत वळणापर्यंत गेला. त्यानं मागे पाहिलं नाही.

अवनेरनं नवा पडदा बसवला. स्क्रू आवळले, नळ्या जोडल्या, सगळीकडे कोरडा कागद फिरवून पाहिला. कुठेच ओल नव्हती. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि एकसारख्या आवाजात चालत राहिली. थोडा वेळ ऐकून त्यानं ती बंद केली.

चावी द्यायला तो दाराशी गेला. बबनराव जाताना कुलूप लावून गेले होते. बावीस वर्षांत हे दार त्याला बंद मिळालं नव्हतं. त्यानं पत्रं टाकायच्या फटीतून चावी आत सोडली. आतल्या फरशीवर ती पडल्याचा आवाज झाला.