एक्केचाळिसावा थांबा

कुंभकोणम् ते नाचियार्कोविल् या रस्त्यावर बसचे थांबे किती, असं कुणाला विचाराल तर तो आधी हसेल. कारण इथं पाटी आहे तिथं बस थांबेलच असं नाही, आणि हात दाखवला तर भातखाचराशीही थांबते. म्हणून तर नकाशा करणाऱ्या एका कंपनीनं चैत्राच्या हाती मुठीएवढं जीपीएस यंत्र दिलं होतं. नियम एकच: आपल्या डोळ्यांदेखत बस थांबली, माणूस चढला किंवा उतरला, तरच बटण दाबून थांबा नोंदवायचा.

कामाची हौस तिला होतीच. यंत्रावरच्या आकड्यांवरून झाडाच्या ढोलीत दडवलेल्या डब्या हुडकण्याचा खेळ ती आणि तिचा थोरला भाऊ सूर्या वर्षानुवर्षं खेळले होते. पण खरं कारण वेगळं. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाची समई आणायला सूर्या याच रस्त्याच्या बसमध्ये बसला आणि नाचियार्कोविलला पोचलाच नाही. "मध्येच कुठं उतरला असेल," सगळे म्हणाले. लग्न राहिलं ते राहिलंच. त्या दिवशी त्याला पिटाळलं होतं चैत्रानंच, आणि आई एका शब्दानंही तसं बोलत नसे, हेच तिला जास्त जाळायचं. तो उतरला तो थांबा तिला हवा होता, बस्स.

चाळीस थांबे झाले. एका दुपारी यादी पाहते तो एक्केचाळीस! शेवटची नोंद तिची नव्हती.

"आता हे काय नवीन?" म्हणत तिनं स्कूटर काढली. खरं तर भीती वाटायला हवी होती; पण वाटली ती उत्सुकता, डबी हाती लागण्याआधी वाटायची तशी.

यंत्रानं जिथं नेलं तिथं दोन्ही अंगांना भातशेती, ना पाटी, ना चहाची टपरी. एक म्हातारी तेवढी पिशवी घेऊन उभी होती. स्कूटर कडेला लावून चैत्रानं तिला तमिळमध्ये विचारलं, इथं बस थांबते का?

"थांबते की गे. एथेंच थांबते."

चैत्रा चमकली. ही तर घरची मराठी! पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरांनी उंबऱ्याच्या आत बोलायची. बाहेर पाऊल टाकलं की ज्याची त्याची जीभ तमिळकडे वळते. असं बोलणारी गावातली घरं तिला एकूणएक ठाऊक होती. हा चेहरा त्यांतला नव्हता.

"तुम्ही कोणाच्या घरच्या?" तिनं विचारलं. म्हातारीनं पिशवी काखेला मारली.

बस आली. कुणी हात दाखवला नव्हता, तरी थांबली. म्हातारी चढली, आणि सवयीनं चैत्राचा अंगठा बटणावर पडला. तेवढ्यात तिला ऐकू आलं: बस माणसांनी भरलेली होती आणि आत सगळे बोलत होते, हळू आवाजात, कार्यातली पंगत उठल्यावर बोलतात तसं, आणि झाडून सगळे मराठीत.

कंडक्टर दारातून वाकला. "कोठें जायचें, अक्का?"

चाळीस थांबे चैत्राला तोंडपाठ होते, त्यातला एकही आठवेना.

"सूर्या जेथें उतरला, तेथें."

पोरीची चूक दुरुस्त करावी तशा मायेनं तो म्हणाला, "तो कोठें उतरलाय अजून?"

आणि त्यानं तिला हात दिला.

बस दिसेनाशी झाली तरी रस्त्याच्या कडेला तिच्या स्कूटरचा इंडिकेटर लुकलुकतच होता.