पुसलेले अकरा मेसेज

लाँड्रीत तिच्याकडे डाग काढायचं काम होतं. शाईचा असो की रक्ताचा, दिसला की लगेच काढायचा, वाळू द्यायचा नाही. या शिस्तीने तिचं नाव झालं होतं आणि याच शिस्तीने तिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

ज्याच्याशी लग्न ठरून मोडलं, त्याचे अकरा दिवसांत अकरा मेसेज आले. ‘परत ये, नाहीतर तुझा तो फोटो आईला पाठवतो.’ चोर तो चोर, वर शिरजोर. वाचला की दुसऱ्या क्षणी मेसेज पुसलेला असायचा. घरी आईचा फोन वाजला की हातातला घास हातातच राहायचा.

बाराव्या दिवशी ओळखपत्र हरवल्याची थाप मारून ती पोलीस ठाण्यात निघाली. “मीही येते,” आई म्हणाली. नको कसं म्हणणार? आईला बाहेर बाकावर बसवून ती आत गेली.

टेबलामागच्या पोलीस बाईंनी सगळं ऐकून घेतलं. असला फोटो मुळात काढलाच कशाला, असं एकदाही विचारलं नाही.

“फोटो तुम्हीच दिला असला, तरी दुसऱ्याला पाठवायला परवानगी दिली नव्हती ना? मग तो गुन्हा. पाठवीन म्हणून धमकावणं हाही गुन्हा. मेसेज दाखवा.”

“पुसले.”

“सगळे?”

तिने मान खाली घातली.

“फोन तपासायला पाठवू, पण वेळ लागेल. फोटो कुणाला गेलाय का?”

“नाही हो. आईला कळलं तर मी संपलेच.”

“मला आलाय.”

आई दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे. पुढे येऊन तिने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला.

“तीन दिवस झाले. तुझा चेहरा दिसला, तसा फोन बंद केला. पुसणार होते, पण मग तो म्हणाला असता, मी पाठवलाच नाही. म्हटलं, तू आपणहून सांगशील.”

तीन दिवस. म्हणजे काल ‘पाठवतो’ म्हणून धमकावत होता, तेव्हा मेल्याचं पाठवून झालं होतं. आणि आई रोज समोर बसून जेवत होती, भाजीत मीठ कमी पडलंय का विचारत होती. आणखी कुणाला गेला असेल? मामाला? लाँड्रीच्या मालकीणबाईंना?

“तक्रार लिहून घेते,” बाई म्हणाल्या. “त्याचं पूर्ण नाव सांगा.”

तिची मान आणखी खाली गेली. आईने खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली.

“मान वर कर,” आई म्हणाली. “बाई त्याचं नाव विचारतायत, तुझं नाही.”